मालबाबूंच्या महादेवीची चौकशी

शिवाप्पा मालबाबूंनी उभ्या आयुष्यात एकच कट केला, आणि तो पूर्णपणे यशस्वी झाला. सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यावर बावीस वर्षं काढलेला हा माणूस. रेल्वे निझामाची होती तेव्हाही बाबू, हिंद सरकारची झाली तेव्हाही बाबू. सरकीचं पोतं इकडचं तिकडं केलं नाही की कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. रूळ ओलांडताना कुणी दिसला तर मात्र अंगावर धावून जायचा, कारण नियम तो नियम. असा माणूस कट कशाला करील? पण एकुलती एक पोरगी चीन शिकायला विलायतेला निघाली, म्हणजे बाप काय करील याचा नेम नाही.

पोरगी महादेवी. हैद्राबादला मामाकडं राहून बी. ए. झाली, तीही पहिल्या वर्गात. इथवर गल्लीनं सांभाळून घेतलं होतं. पण सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तिनं बापाला न विचारता एक दरखास्त धाडली. लंडनच्या एका विद्यापीठात चीनचा समाज आणि राजकारण या विषयात एम. ए., मुदत दोन वर्षं, खर्च मुंबईच्या एका शिष्यवृत्ती मंडळाचा. विद्यापीठानं प्रवेश दिला. मंडळानं नाव पहिल्या यादीत घातलं. घरची चौकशी तेवढी राहिली होती, ती समाधानकारक झाली की बोटीचं तिकीट.

बातमी फुटली आणि मालबाबूंच्या ओसरीवर सल्ल्यांचा बाजार भरला. पहिला मान भुजंगरावांचा. ते रिटायर गार्ड, शेजारच्याच घरात राहायचे, आणि हातात शिट्टी नसली तरी सगळ्या गल्लीची गाडी आपणच सोडतो अशी त्यांची समजूत होती.

"मला एक सांग पोरी," ते म्हणाले, "चीन कुठं? उगवतीला. विलायत कुठं? मावळतीला. म्हंजी नांदेडला जायचं अन् परभणीच्या गाडीत बसायचं! तीस वर्षं गार्ड होतो मी, असा पाशिंजर न्हाई बघितला."

"काका, चीनवरची पुस्तकं तिथं हायत अन् शिकवणारी माणसंबी तिथंच हायत."

"चीनची पुस्तकं विलायतेत? मग तो चोरीचाच माल की."

यावर महादेवी हसली आणि म्हणाली, "काका, थोडाफार चोरीचाच हाय." भुजंगरावांना आपण इतके बरोबर असू असं वाटलं नव्हतं. ते जरा गडबडले आणि चहा मागवला.

दुसरे बन्सीधर शेठ, कोपऱ्यावरचे किराणावाले. त्यांची काळजी पोटाची. "तिकडं बेडूक खातात म्हणे. लिंगायताच्या पोरीनं खायचं काय?"

"शेठजी, मी लंडनला चाललेय."

"मग लंडनला काय खातात?"

"बटाटे."

शेठजींचा जीव भांड्यात पडला. तरी पण जाताना दोन शेर चिवडा आपल्याकडूनच न्यायचा असं त्यांनी वदवून घेतलं.

खरी परीक्षा घेतली ती समोरच्या कस्तुराबाईनं. बाई अक्षरशत्रू, पण तिच्या प्रश्नाला वकील घाबरावा. महादेवी ओट्यावर बसून बायकांना सांगत होती, की चीनमध्ये पूर्वी पोरींचे पाय लहानपणीच कापडानं करकचून बांधायचे. पाय वाढू द्यायचे नाहीत, लहान पाय म्हणजे मोठं घराणं. आता नव्या राज्यात ते बंद झालंय, बायांना जमिनीत वाटा मिळालाय, बाया गावच्या बैठकीला बसतात. बायांनी "अगं बाई" केलं. कस्तुराबाईनं केलं नाही. तिनं विचारलं, "बांधलेला पाय सोडला म्हंजी लगीच चालता येतं का गं त्याला?"

महादेवी ओट्यावरून तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मावशी, मला तेच शिकायला जायचंय."

आत ओसरीवर शिवाप्पा वर्तमानपत्र धरून बसले होते. पेपर उलटा होता हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपल्या पोरीला काहीतरी मोठं कळलंय, आणि आपल्याला ते सात जन्मांत कळायचं नाही, असं वाटून त्यांची छाती भरून आली, आणि पाठोपाठ ती हातची गेली असंही वाटलं. बापाचं हे असंच असतं. अभिमान आणि धास्ती एकाच डब्यात बसून येतात.

नाही म्हणायला पोरीच्या चीनचा त्यांना प्रत्यक्ष चटका बसला होता. त्यांचा दुपारचा डबा घेऊन महादेवी मालधक्क्यावर यायची. ते जेवेपर्यंत करायचं काय, म्हणून खडू घेऊन पोत्यांवर चिनी अक्षरं गिरवायची. हमालांना वाटलं, हिंद सरकारनं नवी खूण काढली. त्यांनी ती पोती आदबीनं वेगळी रचली आणि मालगाडीच्या वेगळ्या वाघिणीत भरली. अकरा पोती सरकी काचीगुड्याला जाऊन बसली. तिथल्या बाबूला हे कोणतं स्टेशन ते कळेना, म्हणून त्यानं ती ना उतरवली ना परत धाडली. सहा दिवसांनी शिवाप्पांना मेमो आला. बावीस वर्षांतला पहिला मेमो!

घरी येऊन ते कडाडणार होते. पण तोंडातून निघालं भलतंच. "ते अक्षर कशाचं होतं गं?"

"घराचं, अप्पा. वर छप्पर अन् त्याच्याखाली डुक्कर."

"घर म्हंजी छप्पराखाली डुक्कर?"

"व्हय. ज्याच्या दारी जनावर, त्याचं घर."

शिवाप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "खरं हाय. पण आईला सांगू नको. अन् भुजंगरावांना तर मुळीच न्हाई."

आता कटाची गोष्ट. महादेवीची आई नीलम्मा रोज रात्री एकच वाक्य म्हणायची, "पोरगी परत आली न्हाई तर?" याचं उत्तर भुजंगरावांनी शोधून काढलं. उदगीरचे सांबप्पा, तेलगिरणीचे मालक, घराणं तालेवार, मुलगा देखणा. "लगीन जमवून टाका," भुजंगराव म्हणाले, "चीनचा ताप आपोआप उतरतो." शिवाप्पांनी मनाशी हिशेब केला, शिष्यवृत्ती आली तर आली, लग्न ठरलं तर ठरलं. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला पहिल्यांदा असंच वाटतं. त्यांनी उदगीरला पत्र धाडलं. उत्तर आलं, "गुरुवारी चारच्या गाडीनं येतो." महादेवीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. पाहुणे येण्याआधी त्यांचा एक अनोळखी माणूस गल्लीत येतो. "इथं पत्ता कुठं हो," करत ओट्यावर टेकतो, पाणी मागतो आणि पोरीची चौकशी करतो. अशा वेळी शेजाऱ्यांचा धर्म एकच. कस्तुराबाई आणि नीलम्मा यांचं आडावरच्या पाण्यावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं, पण पोरीच्या चौकशीत कस्तुराबाई नीलम्माच्या लेकीला लक्ष्मीच म्हणणार. तिथं भांडण आणायचं नसतं. आज तुझी पोरगी, उद्या माझी.

तरी शिवाप्पांना भरवसा वाटेना. सोमवारी त्यांनी स्वतः घर न् घर गाठलं आणि बजावलं, "कुणी इचारायला आलं तर चीनचं नाव काढायचं न्हाई. पुस्तकाचं काढायचं न्हाई. पोरगी गरीब, घरात राहणारी, सुगरण. बस्स."

"तुमी फिकीर करू नका मालबाबू," गल्ली म्हणाली. आणि खरोखरच फिकीर करायचं काम ठेवलं नाही.

गुरुवारी सकाळी महादेवी परभणीला गेली, जन्माची नक्कल काढायला. तिचा जन्म निझामाच्या दप्तरात उर्दूत लिहिलेला, सन १३४५ फसली, म्हणजे निझामी साल, महिना बहमन. तोच आकडा तिनं अर्जात उतरवला होता. मुंबईच्या मंडळानं बेरीज-वजाबाकी करून कळवलं होतं, की उमेदवाराचं वय सहाशे बारा वर्षं दिसतं, मर्यादा पंचविसाची आहे, तरी खुलासा करावा. तो खुलासा आणायला ती गेली, आणि दहाच्या सुमारास गल्लीत कोट घातलेला एक चष्मेवाला माणूस शिरला. त्यानं पाणी मागितलं.

दुपारी पावणेचारला कस्तुराबाई मालधक्क्यावर हजर झाली. बाई कधी तिकडं फिरकायची नाही, पण आज तिला राहवलं नाही. "मालबाबू, माणूस येऊन गेला! पाच घरं हिंडला. असं वर्णन केलं पोरीचं, असं वर्णन केलं, की बिचारा डोक्याला हात लावून बसला."

"डोक्याला हात?"

"खुशीनं वो! अन् सगळं वहीत लिहून घेत व्हता. आता फलाटावर गाडीची वाट बघत बसलाय."

शिवाप्पांच्या हातातली जांभळी पेन्सिल थांबली. पोरगी पाहणारी माणसं वहीत लिहून घेत नाहीत. "काय काय इचारलं त्यानं?"

"पोरगी वाचते का म्हणला. म्या म्हणलं, छे! कागदाला हात लावीत न्हाई. बन्सीधर शेठनं सांगितलं, एकटी कोपऱ्यापतोर जात न्हाई. भुजंगरावांनी तर कमालच केली. म्हणले, बापापुढं मान वर करीत न्हाई, अन् रोज चाळीस भाकरी थापते."

तेवढ्यात टपालवाला आला. त्यानं दिलेल्या लिफाफ्यावर सात शिक्के होते. पत्ता होता, पूर्णा, हैद्राबाद राज्य. ते राज्य गेल्या नोव्हेंबरातच मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला होता. राज्यच राहिलं नाही तर पत्रानं उतरायचं कुठं? ते हैद्राबादला गेलं, तिथून औरंगाबादला, तिथून परभणीला, आणि तीन आठवडे हवापाणी खाऊन पूर्णेला आलं. आत लिहिलं होतं, "आमचे चौकशी अधिकारी श्री. रामकिशनराव हे गुरुवारी उमेदवाराच्या शेजारी अत्यंत गुप्तपणे चौकशी करतील, कळावे." गुप्त चौकशीची आगाऊ सूचना कशासाठी हे विचारू नका. सरकारात शिरलेला माणूस बाहेर मंडळात गेला तरी त्याची खोड जात नाही.

"देवा महादेवा," शिवाप्पा म्हणाले आणि पळत सुटले.

मालधक्का ते फलाट या वाटेत पाच रूळ. बावीस वर्षं त्यांनी दुनियेला ते ओलांडू दिले नव्हते. आज पहिल्याच रुळाला त्यांची उजवी चप्पल राहिली. दुसऱ्याला धोतराचा सोगा सिग्नलच्या तारेत अडकला. तिसऱ्याला टोपी गेली. हमाल हातातली पोती टाकून बघत राहिले. एक म्हणाला, "मालबाबू, रूळ वलांडू नका!" आणि सगळे फिदीफिदी हसले. शिवाप्पांनी मागं वळून पाहिलं नाही.

फलाटावरच्या बाकावर रामकिशनराव बसले होते. मांडीवर वही, चेहरा दुखवट्याला आल्याचा. नांदेडकडून त्यांची परभणीची गाडी येत होती. परभणीकडून येणारी गाडी येऊन उभीच होती, आणि तिच्यातून फेटा बांधलेले सांबप्पा उदगीरकर मेहुण्यासह उतरत होते. चारचं क्रॉसिंग, दोन्ही गाड्या एकाच वेळी. पाहुण्यांच्या स्वागताला भुजंगराव हार घेऊन आले होते, मागं अर्धी गल्ली.

"साहेब," शिवाप्पा धापा टाकत म्हणाले, "मी महादेवीचा बाप. तुमच्या वहीत जे हाय ते समदं खोटं हाय."

रामकिशनरावांनी चष्मा सरसावला. "पाच घरांनी एकच सांगितलं. वाचनाची आवड नाही. घराबाहेर पडत नाही. मान वर करून बोलत नाही. चाळीस भाकरी. मालबाबू, मी मंडळाला लिहू काय? चीनच्या राजकारणाला चाळीस भाकरींचा उपयोग काय?"

"ते म्याच सांगायला लावलं, साहेब."

"का?"

का ते मागून चालत आलं. "शरणार्थ, मालबाबू!" सांबप्पांनी हात जोडले. भुजंगरावांनी हार पुढं केला. आणि नांदेडकडची गाडी धडधडत फलाटाला लागली. रामकिशनराव उठले. "बोला लवकर. दोन मिनिटं आहेत."

शिवाप्पांनी एकदा सांबप्पांकडं पाहिलं, एकदा वहीकडं. आता जे तोंडातून जाईल ते उदगीरपासून लातूरपर्यंत सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत जाणार होतं. पुन्हा या पोरीला कुणी विचारायला येणार नव्हतं. मग ते बोलू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलू लागले.

"लिहून घ्या साहेब. पोरगी वाचते. जेवताना वाचते, चुलीपुढं वाचते, अंगावर इंगळ पडला तरी पान संपल्याबिगर उठत न्हाई. चाळीस भाकरी कुठल्या? सहा करते अन् त्यातल्या चार जळून गाईला जातात. मान खाली घालायचं तर तिला ठाऊकच न्हाई. आपलं खरं असलं म्हंजी बापाला सोडत न्हाई, अन् मेलं नेहमी तिचंच खरं असतं. तिच्यापायी मला मेमो मिळालाय, पोत्यावर चिनी लिहिलं म्हून. पाच भाषा येतात तिला, अन् पाचीत भांडते."

"मालबाबू," भुजंगराव कासावीस होऊन कुजबुजले, "पाहुणे उभे हायत!"

"उभे राहू द्या," शिवाप्पा म्हणाले. "साहेब, एकटी कोपऱ्यापतोर जात न्हाई म्हणून लिहिलंय का तुमी? अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या येळी, गाड्या बंद पडल्या. या फलाटावर दोनशे माणसं अडकली व्हती. काय चाललंय कुणाला कळंना. उर्दू पेपर ज्याला वाचता येत व्हता तो भीतीनं वाचंना. ही बारा वर्षांची. त्या वजनकाट्यावर उभी राहून तीन दिवस मोठ्यानं वाचून दाखवत व्हती. हिंदूंनाबी अन् मुसलमानांनाबी. जी बातमी खोटी वाटली तिला खोटी म्हणाली. म्या म्हणलं खाली उतर. न्हाई उतरली." त्यांनी मालधक्क्याकडं हात केला. "मी मालधक्क्यात पोत्यांमागं लपून बसलो व्हतो, साहेब. हेबी लिहा."

रामकिशनराव भराभर लिहीत होते. मग त्यांनी एक छापील कागद काढला. "हे पालकाचं संमतीपत्र. नियम नववा वाचा. अभ्यास पुरा होईपर्यंत मुलीचं लग्न ठरवणार नाही, अशी सही द्यावी लागते."

सांबप्पांच्या मेहुण्यानं खाकरून पाहिलं. शिवाप्पांनी कानावरची जांभळी पेन्सिल काढली, टोक जिभेवर ओलं केलं, आणि रामकिशनरावांच्या ट्रंकेवर कागद ठेवून सही केली. नेहमी ते 'शि. मालबाबू' लिहीत. आज पुरं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

शिट्टी झाली. रामकिशनराव डब्यात चढले आणि दारातून म्हणाले, "मालबाबू, अठरा वर्षं चौकशा करतोय. मुलीची एवढी निंदा करून सही देणारा बाप आज पाहिला. शिफारस माझी. मंडळ माझी शिफारस सहसा मोडत नाही."

गाडी गेली. राहिले पाहुणे. भुजंगरावांच्या हातातला हार कुणाला घालावा हे त्यांना कळत नव्हतं. शिवाप्पांनी अनवाणी पाय दुसऱ्या पायावर ठेवला आणि सांबप्पांपुढं हात जोडले. "माफी करा. तुमाला एवढ्या लांबून बोलावलं, अन् हे ऐकवलं."

सांबप्पा फेटा सारखा करत म्हणाले, "मालबाबू, तुमी नवं काय सांगितलं? ती तुमच्या मागं उभी हाय ना, तीच का तुमची पोरगी?"

शिवाप्पा गर्रकन वळले. नकलेची सुरळी हातात धरून महादेवी उभी होती. त्याच गाडीनं आली होती. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

"परभणीपासून आमच्याच डब्यात व्हती," सांबप्पा म्हणाले. "कोण कुणाचं आमाला काय ठाऊक? मी सहज बोललो, चीनमध्ये गिरण्या सरकारनं घेतल्या, हा अन्याय हाय. मिरखेल टेसन येईपतोर ही माझ्या गिरणीत मजुरांची सोसायटी काढून मोकळी झाली वो! मेहुणा तर दाराशी जाऊन बसला." ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरात दोन पोरी हायत. दहा वर्षांची धाकटी शाळेत धाडा म्हून रोज रडती. तुमची ही परत आली म्हंजी एकदा उदगीरला धाडा. सून म्हून न्हाई. धाकटीला दाखवायला."

आणि परतीची गाडी सकाळशिवाय नसल्यानं ते मुक्कामाला मालबाबूंच्याच घरी निघाले. कस्तुराबाईनं पदर खोचला. आज भाकरी मी थापते म्हणाली, तीन वर्षांनी तिला नीलम्माच्या चुलीपुढं बसायचं होतं. पुढं पाहुणे, त्यांच्यामागं हार स्वतःच्याच हातात धरून भुजंगराव, मागं गल्ली. फलाटावर बाप आणि लेक उरले.

महादेवीनं रुळातली चप्पल आणून बापाच्या पायाशी ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. "अप्पा," ती म्हणाली, "एवढी वाईट हाय का मी?"

शिवाप्पांची जीभ पेन्सिलीनं जांभळी झाली होती. त्यांनी चपलेत पाय घातला.

"याच्याहून लय वाईट हायस," ते म्हणाले. "पण गाडीला येळ न्हवता."